बदल कुठे अडवायचा? : ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइनच्या प्रश्नांना प्रस्तावना

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाला. अर्थसंकल्पातली घोषणा ९ मार्चची. मध्ये जेमतेम आठवडा. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला होता. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांचं निम्मं भाडं आणि लहान मुलांचं हाफ तिकीट तर आधीपासूनचंच. जानेवारी २०२५ मध्ये मूळ भाडंच १४.९५ टक्क्यांनी वाढलं. शिवाय सवलत राज्याच्या हद्दीपुरती, त्यामुळे सावंतवाडीहून पणजीला जाणाऱ्या गाडीत सीमेपलीकडचा हिशोब वेगळा. गर्दीने भरलेल्या गाडीत कंडक्टर मशीनवर चार बटणं दाबतो आणि या साऱ्या नियमांतून एक आकडा कागदावर उमटतो.

त्या मशीनमधला खरा कोड कसा लिहिला आहे, हा इथला विषय नाही. पण हाच हिशोब करणारा प्रोग्राम अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लिहायला दिला, तर तो बहुधा एकच लांबलचक फंक्शन लिहील. मूल असेल तर अमुक, नाहीतर ज्येष्ठ असेल तर तमुक, नाहीतर महिला असेल तर आणखी काही. पहिल्या दिवशी ते बिनचूक चालेलही. मग कुणी विचारेल, सत्तर वर्षांच्या आजींना कोणती सवलत लावायची, ज्येष्ठांची की महिलांची? रक्कम तीच येईल, पण नोंद कोणत्या योजनेखाली जाणार? आता अटींचा क्रम महत्त्वाचा झाला. नवी योजना आली की त्याच फंक्शनमध्ये पुन्हा हात घालायचा, आणि महिलांसाठीची ओळ लिहिताना मुलांचं हाफ तिकीट बिघडलं नाही ना, हे पुन्हा तपासायचं.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइनविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न वरवर पाहता फार वेगवेगळे दिसतात. इनहेरिटन्स कधी वापरावा? इंटरफेस आणि ॲबस्ट्रॅक्ट क्लास यांतलं काय निवडावं? सिंगलटन वाईट का? पॅटर्न किती पाठ असावेत? पण त्यांच्या तळाशी एकच प्रश्न आहे: या प्रोग्राममध्ये पुढे काय बदलण्याची शक्यता आहे, आणि तो बदल झाला की किती फायली उघडाव्या लागतील? हा प्रश्न न विचारता दिलेली उत्तरं परीक्षेत गुण मिळवून देतात. कामाच्या ठिकाणी मात्र तीच उत्तरं कोड गुंतागुंतीचा करून ठेवतात.

हा प्रश्न सर्वात स्वच्छ शब्दांत मांडला तो डेव्हिड पार्नास यांनी. डिसेंबर १९७२ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात त्यांचा एक छोटा लेख आला. उदाहरण अगदी साधं होतं. शीर्षकांची एक यादी घ्यायची, प्रत्येक शीर्षकातले शब्द फिरवून त्याची सगळी रूपं तयार करायची आणि ती अकारविल्हे लावून छापायची. पार्नास यांनी या कामाची दोन प्रकारे विभागणी करून दाखवली. पहिली कुणालाही आपसूक सुचेल अशी: वाचणं एका भागात, शब्द फिरवणं दुसऱ्यात, क्रम लावणं तिसऱ्यात, छापणं चौथ्यात. म्हणजे काम ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने कोडचे तुकडे. दुसऱ्या विभागणीत प्रत्येक भागाने एकेक निर्णय स्वतःपाशी ठेवला. ओळी कशा साठवल्या आहेत हे एकाच भागाला ठाऊक, बाकीच्यांनी फक्त त्याच्याकडे मागणी करायची.

दोन्ही प्रोग्रामचं उत्तर एकच. फरक दिसतो तो निर्णय फिरवल्यावर. सगळ्या ओळी मेमरीत ठेवायच्या नाहीत असं ठरलं, तर पहिल्या विभागणीत झाडून सगळ्या भागांना हात लावावा लागतो, दुसरीत एकालाच. या लेखात क्लास नाही, इनहेरिटन्स नाही, पॅटर्न तर नाहीच नाही. तरीही ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइन शिकणाऱ्याने सर्वात आधी वाचावा असा मजकूर हाच. कॉलेजात ‘एन्कॅप्सुलेशन’ची व्याख्या म्हणून ‘डेटा आणि फंक्शन एकत्र बांधणं’ एवढंच लिहून घेतलं जातं. पार्नास यांचा मुद्दा त्याहून कितीतरी खोल आहे: लपवायचा असतो तो निर्णय, डेटा हा त्यातला फक्त एक प्रकार. सगळे व्हेरिएबल प्रायव्हेट करून प्रत्येकाला गेटर आणि सेटर जोडणारा क्लास व्याख्येत बसतो, पण एकही निर्णय लपवत नाही.

ऑब्जेक्ट मात्र पार्नास यांच्या लेखाआधीच जन्मले होते, आणि तेही वेगळ्याच गरजेतून. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांना रांगा, वाहतूक, कारखान्यातला मालाचा प्रवास अशा व्यवस्थांचं सिम्युलेशन करायचं होतं. अशा व्यवस्थेत एकाच प्रकारच्या अनेक वस्तू असतात आणि प्रत्येकीची अवस्था वेगळी. त्यातून ‘सिम्युला’ ही भाषा घडली, आणि १९६७ च्या तिच्या आवृत्तीत क्लास, सबक्लास आणि व्हर्च्युअल प्रोसीजर या तिन्ही गोष्टी आल्या. आज जावा किंवा सी++ लिहिणारा माणूस जी शब्दावली वापरतो, तिचा मोठा हिस्सा तिथला. डाल आणि न्यूगार्ड यांना २००१ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, दोघांचंही निधन झालं.

दुसरा प्रवाह कॅलिफोर्नियातला. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात ‘स्मॉलटॉक’ घडवली. के यांनी विद्यार्थिदशेत गणिताबरोबर जीवशास्त्राचाही अभ्यास केला होता. त्यांच्या डोळ्यांपुढे पेशी होत्या: प्रत्येक स्वतंत्र, आतलं बाहेरच्याला न दिसणारं, आणि संपर्क फक्त संदेशांतून. क्लासच्या उतरंडीला त्यांनी कधीच केंद्रस्थान दिलं नाही, आणि पुढेही ते सांगत राहिले की खरा भर संदेशांवर हवा होता. पार्नास आणि के वेगवेगळ्या वाटांनी जवळपास एकाच ठिकाणी पोचले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

बियार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये संशोधन करताना सिम्युला वापरली होती. १९७९ पासून बेल लॅब्जमध्ये त्यांनी त्यातल्या कल्पना सी भाषेत आणायला सुरुवात केली. त्यातून सी++ आली, १९९५ मध्ये सनची जावा आली, आणि ऑब्जेक्ट जगभरच्या कार्यालयांत पोचले. पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत आज अनुभवी म्हणवली जाणारी पिढी याच दोन भाषांवर वाढली.

आणि याच प्रवासात इनहेरिटन्सचं माहात्म्य नको इतकं वाढलं. एखाद्या क्लासमधला कोड आयता मिळतो, मग त्याचा वारस का होऊ नये? या मोहाची सर्वात प्रसिद्ध किंमत जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत दिसते. तिच्यातला ‘स्टॅक’ हा क्लास ‘व्हेक्टर’चा वारस आहे. स्टॅकचा नियम असा की शेवटी ठेवलेली गोष्ट आधी निघते, मधे हात घालता येत नाही. व्हेक्टरमध्ये मात्र कोणत्याही जागी काहीही घालता येतं. वारसा एकदा घेतला की तो पुरा घ्यावा लागतो, म्हणून जावाच्या स्टॅकमध्येही मधोमध वस्तू घुसवता येते. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून तो क्लास काढताही येत नाही. जावाचं अधिकृत दस्तऐवजच आता त्याऐवजी ‘डेक’ वापरा असं सुचवतं.

दुसरं उदाहरण जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ (२००१) मधलं, आणि ते प्रत्येकाने एकदा तरी स्वतः टाइप करून पाहावं. आतापर्यंत किती वस्तू टाकल्या गेल्या हे मोजणारा एक ‘हॅशसेट’ हवा आहे. म्हणून हॅशसेटचा वारस केला. एक वस्तू टाकणारी मेथड नव्याने लिहून तिच्यात मोजणी एकने वाढवली, आणि अनेक वस्तू एकदम टाकणाऱ्या मेथडमध्ये जितक्या वस्तू तितक्याने. मग तीन वस्तू एकदम टाकल्या. मोजणी सहा. कारण हॅशसेटची अनेक वस्तू टाकणारी मेथड आतून एकेक वस्तू टाकणाऱ्याच मेथडला हाक मारते, आणि ती आता वारसाची झालेली असते. नव्या क्लासमध्ये एकही ओळ चुकलेली दिसत नाही. चूक इतकीच की मूळ क्लासने स्वतःपाशी ठेवलेल्या एका निर्णयावर वारस नकळत विसंबला. त्याऐवजी नव्या क्लासने हॅशसेट आपल्या पोटात ठेवला, स्वतः मोजलं आणि काम त्याच्याकडे सोपवलं, तर आकडा तीनच येतो आणि हॅशसेट आतून कसाही बदलला तरी तीनच राहतो. ‘इनहेरिटन्सपेक्षा कॉम्पोझिशन बरं’ हा सल्ला इंटरव्ह्यूत सर्रास ऐकू येतो; त्यामागचं कारण या सहाच्या आकड्यात आहे.

मग इनहेरिटन्स कधीच नको का? हवा, पण अटीवर. ती अट बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या ऊप्स्ला परिषदेतल्या भाषणात मांडली आणि १९९४ मध्ये जॅनेट विंग यांच्यासह काटेकोर केली. मूळ प्रकाराविषयी वापरणाऱ्याने जे गृहीत धरलं आहे, ते वारसाच्या बाबतीतही खरं राहिलं पाहिजे. चौरस हा भूमितीत आयतच असतो. पण ज्या आयताची लांबी आणि रुंदी स्वतंत्रपणे बदलता येते असं वापरणारा धरून चालतो, त्या आयताच्या जागी चौरस बसत नाही, कारण एक बाजू बदलली की दुसरीही बदलते. ‘अमुक हा तमुकच आहे’ असं बोलताना बरोबर वाटणारं वाक्य कोडमध्ये फसवू शकतं. प्रश्न नात्याचा नसून दिलेल्या वचनाचा आहे.

आता पॅटर्नकडे.

ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये आली ती वास्तुशास्त्रातून, आणि तिच्या वाटेत एक भारतीय खेडं आहे. व्हिएन्नात जन्मलेले वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९६४ मध्ये ‘नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्याच्या परिशिष्टात एका भारतीय खेड्याच्या रचनेचं सविस्तर उदाहरण आहे. गुरं, पाणी, शेती, जातिव्यवस्था, सणवार, रस्ते अशा सगळ्यांतून त्यांनी १४१ गरजा नोंदवल्या, कोणती गरज कोणत्या गरजेला अडवते किंवा मदत करते हे पाहिलं, आणि एकमेकींत घट्ट गुंतलेल्या गरजांचे गट पाडले. गटाच्या आत गुंता जास्त, दोन गटांमध्ये कमी. आज सॉफ्टवेअरचे शिक्षक कोहीजन आणि कपलिंग या नावांनी जे शिकवतात, त्याच्याशी हे किती मिळतंजुळतं आहे! अलेक्झांडर यांना पुढे गणिती पद्धतीपेक्षा त्या गटांसाठी काढलेल्या आकृत्याच महत्त्वाच्या वाटू लागल्या. त्याच आकृत्यांना त्यांनी नंतर पॅटर्न म्हटलं. १९७७ च्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’मध्ये असे २५३ पॅटर्न आहेत, शहरांच्या मांडणीपासून खिडकीतल्या बैठकीपर्यंत. प्रत्येकात आधी एक अडचण, तिच्यातले परस्परविरोधी ताण, आणि मग तोडगा.

१९८७ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम आणि केंट बेक यांनी हा विचार स्मॉलटॉकमधल्या स्क्रीनच्या रचनेला लावून पाहिला, पाच छोट्या पॅटर्नच्या आधारे. (याच कनिंगहॅम यांनी प्रोग्रामरांना पॅटर्न एकत्र लिहिता यावेत म्हणून १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली, विकिपीडिया हे त्याच कल्पनेचं पुढचं रूप.) आणि १९९४ च्या अखेरीस एरिक गामा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांचं ‘डिझाइन पॅटर्न्स’ आलं. २३ पॅटर्न, त्यातले ५ ऑब्जेक्ट निर्माण करण्याविषयी, ७ रचनेविषयी, ११ वर्तनाविषयी. उदाहरणं सी++ आणि स्मॉलटॉकमधली. हे पॅटर्न चौघांनी कल्पनेने रचले नव्हते. चालत्या प्रोग्राममध्ये पुन्हा पुन्हा दिसलेले तोडगे त्यांनी नावं देऊन नोंदवले.

या नावांनी मोठं काम केलं. ‘इथे डेकोरेटर लावू या’ एवढं म्हटलं की पाच मिनिटांचं स्पष्टीकरण वाचतं. जावात फाइल वाचताना एका स्ट्रीमवर दुसरी चढवतात, तो डेकोरेटर. स्प्रेडशीटमधला आकडा बदलला की त्याच आकड्यांचा आलेखही बदलतो, तो ऑब्झर्व्हर. एडिटरमधलं ‘अन्डू’ बहुधा कमांड. वेब फ्रेमवर्क शिकताना भेटणारी एमव्हीसी (मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर) मात्र या तेविसांत नाही. ती ट्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेजियन संशोधकाने १९७९ मध्ये पालो आल्टोत मांडली होती, आणि चौघांच्या पुस्तकात सुरुवातीलाच तिची फोड ऑब्झर्व्हर, कॉम्पोझिट आणि स्ट्रॅटेजी यांत केलेली आहे.

एसटीच्या तिकिटाला या दृष्टीने पाहिलं तर काय दिसतं? बदलाची कारणं वेगवेगळी आहेत. टप्प्यानुसार येणारं मूळ भाडं एका निर्णयाने बदलतं, सवलती दुसऱ्याने, आणि दोन सवलती लागू असतील तर कोणती धरायची हा तिसरा निर्णय. म्हणून प्रत्येक सवलत हा वेगळा ऑब्जेक्ट करता येतो. त्याला फक्त दोन गोष्टी कळाव्यात: हा प्रवासी आपल्याकडे मोडतो का, आणि मोडत असेल तर भाडं किती. नवी योजना आली की नवा क्लास, बाकीचे जसेच्या तसे. याला स्ट्रॅटेजी म्हणतात. पण नावाआधी तीन कारणं वेगळी काढण्याचं काम झालं आहे, आणि डिझाइन तिथेच झालं. ते न करता कुणी स्ट्रॅटेजीचा आराखडा वहीतून उतरवला आणि भाडेवाढ प्रत्येक सवलतीच्या क्लासमध्ये लिहून ठेवली, तर १४.९५ टक्क्यांच्या वाढीला सगळे क्लास उघडावे लागतील. पॅटर्न बरोबर, डिझाइन चूक.

शिकवण्यातली अडचण नेमकी इथे आहे. अलेक्झांडर आधी अडचण सांगत, मग तोडगा. वर्गात आणि इंटरव्ह्यूच्या तयारीत मात्र फक्त तोडग्याची आकृती उरली. हिंजवडीला नोकरी शोधणाऱ्या मुलांना सिंगलटन तोंडपाठ असतो. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट, एक स्टॅटिक मेथड, दोन थ्रेड एकदम आले तर दोनदा तपासणारं लॉक. त्या लॉकची ती प्रसिद्ध युक्ती जावात २००४ पर्यंत भरवशाची नव्हतीच. पाचव्या आवृत्तीत मेमरी मॉडेल सुधारल्यावर ‘व्होलाटाइल’ लावून ती नीट चालू लागली. इतका बारीक तपशील सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो: एकच ऑब्जेक्ट हवा, हे कुणी ठरवलं? एकच हवा असेल तर प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदाच बनवून ज्याला लागेल त्याच्या हाती देता येतो. सिंगलटन त्याऐवजी तो ऑब्जेक्ट सगळीकडून हाताला येईल असा ठेवतो. कोणता क्लास त्यावर अवलंबून आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि टेस्टच्या वेळी खऱ्या डेटाबेसच्या जागी खोटा ठेवावा म्हटलं तर तो बदलता येत नाही. पुस्तकाला पंधरा वर्षं झाल्यावर २००९ च्या एका मुलाखतीत एरिक गामा यांनी स्वतःच सांगितलं की यादीतून सिंगलटन वगळावा असं त्यांना वाटतं. आपल्याच पुस्तकाविषयी इतकं सरळ बोलणं हे त्या चौघांच्या कामाचं मोठेपण आहे.

भाषा बदलली की पॅटर्नही विरघळतात. पीटर नॉर्विग यांनी १९९६ मध्ये दाखवलं की लिस्प किंवा डायलनसारख्या भाषांत तेविसांपैकी १६ पॅटर्न एक तर दिसेनासे होतात किंवा बरेच सोपे होतात. पायथनमध्ये सवलत हे साधं फंक्शन असू शकतं, क्लासची गरजच नाही. जावातही २०१४ च्या आठव्या आवृत्तीपासून लॅम्डा आले आणि कित्येक स्ट्रॅटेजी एका ओळीत मावू लागल्या. इटरेटर तर आता पॅटर्न म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही, तो फॉर लूपमध्ये मुरला आहे. गो आणि रस्ट या नंतरच्या भाषांनी क्लासचा वारसा ठेवलाच नाही, इंटरफेस आणि ट्रेट ठेवले. यावरून ऑब्जेक्टचं युग संपलं असा निष्कर्ष काढणारे लेख बरेच येतात. तो घाईचा आहे. मागे पडली ती उतरंड. निर्णय लपवणं आणि ठरलेल्या वचनातून बोलणं या गोष्टी त्या भाषांतही तितक्याच लागतात.

शेवटचा प्रश्न नवख्यांपेक्षा दोन-तीन वर्षं काम केलेल्यांना जास्त छळतो: पॅटर्न आधीपासून घालावा की नंतर? सवलत एकच असताना सवलतींची आख्खी व्यवस्था उभारणं हा वाचणाऱ्यावर अन्याय आहे. एका साध्या अटीने भागत असेल तर अटच लिहावी. दुसरी आणि तिसरी सवलत आली, अटी एकमेकींत अडकू लागल्या, की कोडचं वर्तन न बदलता त्याची रचना बदलावी. यालाच रीफॅक्टरिंग म्हणतात, आणि पॅटर्नशी त्याचं नातं जुनं आहे. या विषयावरचा विल्यम ओपडाइक यांचा १९९२ चा प्रबंध इलिनॉय विद्यापीठात राल्फ जॉन्सन यांच्याच मार्गदर्शनाखाली झाला. मार्टिन फाउलर यांचं ‘रीफॅक्टरिंग’ १९९९ मध्ये आलं, आणि जोशुआ केरिएव्हस्की यांच्या २००४ च्या पुस्तकाने हे दोन्ही धागे जोडले: चालू कोड पायरीपायरीने पॅटर्नकडे कसा न्यायचा, आणि नको असलेल्या पॅटर्नपासून परत कसा आणायचा. त्या परतीच्या वाटेबद्दल वर्गात जवळपास कुणी बोलत नाही. ज्या इंटरफेसमागे वर्षानुवर्षं एकच क्लास उभा आहे आणि दुसरा कोणता येणार हे टीममधल्या कुणालाही सांगता येत नाही, तो इंटरफेस काढून टाकणं हेही डिझाइनचंच काम आहे. अशी एक जागा आपल्या प्रकल्पात शोधून, टेस्ट हाताशी ठेवून ती सोपी करून पाहिली, तर पुढच्या प्रश्नांची चर्चा वाचताना अर्धी उत्तरं आधीच सुचू लागतील.